निरीक्षण, मापन की वेध?

कोथरूडच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे. बारावीच्या मुलांसाठी त्या पुंजभौतिकीवर, म्हणजे क्वांटम फिजिक्सवर, मराठीत लहान लहान लेख लिहितात. एका लेखात त्यांनी लिहिलं होतं, 'निरीक्षकाने पाहताक्षणी इलेक्ट्रॉन आपले वागणे बदलतो.' ते वाचून एका मुलीने विचारलं, 'मॅडम, म्हणजे आपण डोळे मिटले तर तो पुन्हा पहिल्यासारखा वागेल का?' ताई विचारतात, ऑब्झर्वेशनला निरीक्षण म्हणण्यातच काही चुकतंय का? अवलोकन, प्रेक्षण, मापन यांपैकी दुसरा कोणता शब्द घ्यावा?

त्या मुलीचं मला मनापासून कौतुक वाटलं. मराठी वाक्य जे सांगत होतं तेच तिने वाचलं. चूक वाक्यात आहे, आणि ती शब्दाच्या पोटात शिरून बघायला हवी.

निरीक्षण म्हणजे निर् अधिक ईक्ष्, आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. या एका धातूने मराठीला केवढं गोत दिलं आहे! चहूबाजूंनी पाहणं ती परीक्षा, वाटेकडे डोळे लावून बसणं ती प्रतीक्षा, समोर असून न पाहणं ती उपेक्षा. अपेक्षा त्यातलीच, आणि तिच्यापासून सापेक्षता. आइनस्टाइनचा सिद्धांत मराठीत आला तो याच धातूचं बोट धरून. घरात वावरणारी रूपंही आहेत. निरीक्षणाचं निरखणं झालं, परीक्षेचं पारखणं. मंडईत वांगी निरखणारी बाई आणि पेढीवर सोनं पारखणारा सराफ, दोघांच्या क्रियापदात डोळा आहे.

विज्ञानात या शब्दाची जागा पक्की आहे आणि ती तशीच राहावी. मी अनेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे असत. सगळ्यात जास्त लाल शाई खर्च व्हायची ती निरीक्षणाखाली. मुलं तिथे लिहीत, 'द्रावण आम्लधर्मी आहे.' मी वही परत द्यायची आणि विचारायची, तुला काय दिसलं? दिसलं ते एवढंच, की निळा लिटमस कागद तांबडा झाला. आम्ल हे अनुमान. ते खालच्या रकान्यात. या दोन ओळींमधलं अंतर ज्याला कळलं त्याला विज्ञानाची निम्मी शिस्त कळली, असं मी आजही मानते.

रामन यांचंच बघा. 1921 साली बोटीने परत येताना भूमध्य समुद्राची निळाई त्यांनी निकोल प्रिझममधून पाहिली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हा मानलं जाई. प्रिझमने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला, तरी निळाई उरली. म्हणजे ती पाण्यातूनच विखुरून येत होती. तिथून सुरू झालेली वाट 28 फेब्रुवारी 1928 च्या रामन परिणामाच्या शोधापर्यंत गेली. याला निरीक्षण म्हणावं. रामन यांनी पाहिलं म्हणून समुद्र निळा झाला नाही, तो होताच.

'तो होताच' हा भाव निरीक्षणात मुरलेला आहे. पाहणारा काठावर, पाहिली जाणारी वस्तू समोर, आणि मधल्या पाहण्याने दोघांपैकी कोणाचंच काही बिघडत नाही. शिवाय 'निरीक्षक' म्हटलं की मराठी कानाला माणूसच दिसतो: पोलीस निरीक्षक, शाळेत येणारे निरीक्षक. इलेक्ट्रॉनच्या वाक्यात हा शब्द घातला की वाचकाच्या मनात प्रयोगशाळेत एक डोळे रोखलेला माणूस उभा राहतो आणि इलेक्ट्रॉन त्याला बिचकतो. भौतिकी असं म्हणत नाही.

मग काय म्हणते? जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये केलेला प्रयोग मी नेहमी सांगते. अतिशय बारीक, विद्युतभारित तारेच्या दोन बाजूंनी जाता येईल अशा रीतीने त्यांनी इलेक्ट्रॉन सोडले. इतके विरळ, की एका वेळी उपकरणात जवळपास एकच असावा. पडद्यावर एक ठिपका उमटतो. मग दुसरा, कुठेतरी भलतीकडेच. रांगोळीचे ठिपके कोणी डोळे बांधून टाकावेत तसं सुरुवातीला वाटतं. पण हजारो ठिपके साठले की त्यांतून उभे पट्टे दिसू लागतात, गडद आणि फिकट, आळीपाळीने. लाटा एकमेकींत मिसळल्या की उमटतात तसे. एकेकटा आलेला इलेक्ट्रॉनसुद्धा दोन्ही बाजूंच्या वाटांचा हिशेब धरून येतो, असं म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

आता अशा प्रयोगात कण कोणत्या वाटेने गेला याची खूण कुठेतरी राहील अशी व्यवस्था केली, तर पट्टे नाहीसे होतात. ती खूण कोणी वाचो वा न वाचो. व्हिएन्नात 2004 मध्ये झालेला प्रयोग तर त्या मुलीच्या प्रश्नाला थेट उत्तर आहे. तिथे इलेक्ट्रॉनऐवजी 70 कार्बन अणूंचे रेणू वापरले होते. थंड असताना ते पट्टे दाखवत. लेझरने तापवत नेले तसे पट्टे पुसट होत गेले. तापलेल्या लोखंडासारखा तो रेणू वाटेत स्वतःच प्रकाश बाहेर टाकतो, आणि आपण कुठे आहोत याची खबर त्या प्रकाशाबरोबर निसटते. निर्वात नळीत पाहायला कोणी नव्हतं, तो प्रकाश कोणी गोळाही केला नाही. खबर बाहेर गेली एवढं पुरलं. तेव्हा त्या मुलीला सांगा, डोळे मिट किंवा उघड, फरक पडणार नाही.

माणसाच्या जाणिवेला इथे जागा द्यावी असा विचार मोठ्या माणसांनीही केला होता. भौतिकीतज्ज्ञ यूजीन विग्नर यांनी 1961 मध्ये तो मांडला आणि पुढे स्वतःच सोडून दिला. आज पुंजभौतिकीच्या गणिताचा अर्थ कसा लावायचा यावर भौतिकीतज्ज्ञांत एकमत नाही, पण 'निरीक्षक' म्हणजे डोळ्यांचा माणूस असं धरून बहुतेक कोणी चालत नाही.

म्हणून पारिभाषिक मजकुरात निरीक्षणाऐवजी 'मापन' घ्यावं. ते उपकरणाने होतं, त्यात आकडा निघतो, डोळा मध्ये येत नाही. अवलोकनाने काही साधत नाही, त्यातही पाहणंच आहे. प्रेक्षण हा शब्द हिंदी पाठ्यपुस्तकांत रुळला आहे. मराठीत प्रेक्षक नाट्यगृहात बसतो आणि प्रेक्षणीय म्हटलं की सिंहगड आठवतो, म्हणून आपल्याकडे तो नको.

पण मापनातही एक खोट आहे. लक्ष्मी रोडवर ब्लाउजपीस घेतलं आणि ते 80 सेंटिमीटर भरलं, तर मीटरपट्टी लावण्याआधीही ते 80 सेंटिमीटरच होतं. मापनाचा हा घरगुती अर्थ इलेक्ट्रॉनला चालत नाही. जॉन बेल यांनी 1990 मध्ये याच कारणासाठी मेझरमेंट या शब्दाविरुद्ध लेख लिहिला. आधीपासून असलेला गुण आपण फक्त शोधून काढतो असं हा शब्द सुचवतो, ही त्यांची तक्रार. प्रयोग म्हणा, असं त्यांचं सांगणं. एका भौतिकीतज्ज्ञाने शब्दासाठी एवढं भांडावं याचा मला फार आनंद होतो. आणि ती तक्रार पोकळ नव्हती. उत्तर कणाजवळ आधीच लिहिलेलं असतं आणि दूरवरच्या घटनांचा त्याच्यावर तत्क्षणी परिणाम होत नाही, ही दोन्ही गृहीतकं एकदम धरली तर काय दिसायला हवं याची मर्यादा बेल यांनीच 1964 मध्ये काढून दिली होती. प्रयोगांत ती ओलांडली गेली, म्हणजे ही दोन्ही गृहीतकं एकदम धरता येत नाहीत. 2022 चं भौतिकीचं नोबेल त्या प्रयोगांना मिळालं.

आता ताईंनी न विचारलेला शब्द: वेध. मला तो सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि पुण्यात राहणाऱ्याला तो लांब शोधावा लागत नाही. शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण पुणेकर आजही पाऊस लांबला की 'वेधशाळा काय म्हणते' असंच विचारतो. ऑब्झर्वेटरीला आपण निरीक्षणशाळा म्हटलं नाही, वेधशाळा म्हटलं. ताऱ्यांचा वेध घेणं हा जुन्या ज्योतिर्गणितातला शब्दप्रयोग.

वेध आला व्यध् धातूवरून, आणि व्यध् म्हणजे टोचणे, भोसकणे. बाळाचे कान टोचतात तो कर्णवेध. सोनार सोन्याची तार दोन बोटांत धरतो, पाळीवर नेम साधतो आणि एका क्षणात आरपार. बाळ किंचाळतं, आई हळद लावते, आणि त्या पाळीला आता छिद्र असतं, जे क्षणापूर्वी कुठेच नव्हतं. व्याधही याच धातूचा. हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र पाहा: हरणाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या रेषेत खाली लखलखणारा व्याध. नेम धरणं, बाण लागणं आणि ताऱ्याची जागा ठरवणं, सगळं एकाच शब्दात.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी घेऊन जेऊरला गेले होते. ग्रहणाचे वेध पंचांगातले आणि ग्रहणाचा वेध दुर्बिणीतला, एका शब्दाची ही दोन रूपं त्या दिवशी शेजारी शेजारी होती. पहिल्यातही स्पर्शाचीच कल्पना आहे. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे छाया येण्याआधीच तिचा परिणाम सुरू झाला असं मानलं जातं.

वेधात स्पर्श आहे, आणि वेधलेली वस्तू वेधापूर्वीसारखी राहत नाही. पुंजभौतिकीला नेमकं हेच सांगायचं असतं. इथे एक सावधगिरी मात्र हवी. कवडीपाटला थंडीत चक्रवाक बघायला गेलो आणि फार जवळ सरकलो तर तो उडतो. हा धक्का ढोबळ आहे. उडण्याआधी पक्षी एका ठरावीक जागी होताच. हायझेनबर्ग यांनी 1927 मध्ये अनिश्चिततेचं तत्त्व समजावताना सूक्ष्मदर्शकाचं उदाहरण दिलं, त्यावरूनही असाच समज होतो, की प्रकाशाचा धक्का बसला म्हणून गडबड झाली. त्यापेक्षा कान टोचण्याचा दृष्टान्त जवळचा. छिद्र आधीपासून होतं आणि सोनाराने ते शोधलं, असं कोणी म्हणत नाही.

तेव्हा ताई, समीकरणांजवळ 'मापन' लिहा, आणि मुलांना समजावून सांगताना 'वेध' बिनधास्त वापरा. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला याचा उपकरणाने वेध घेतला, की पडद्यावरचे पट्टे नाहीसे होतात, ती नोंद कोणी वाचली नाही तरीही.' निरीक्षक गेला, नजर गेली, आणि वागणं बदलणारा इलेक्ट्रॉनही गेला.

आणखी एक शब्द तुम्हाला पुढच्याच लेखात लागेल. ऑब्झर्वेबल, म्हणजे जिचं मापन करता येतं अशी राशी, या संज्ञेला प्रेक्षणीय किंवा निरीक्षणीय करू नका. मापन ज्या 'मा' धातूचं, त्याच धातूचा 'मेय' हा छोटा शब्द आपल्याजवळ आहे. प्रमेय आणि अप्रमेय त्यातूनच आले. 'स्थान आणि संवेग या दोन मेय राशी' हे बारावीच्या मुलाला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागणार नाही.