लेकीला खाडी राखायची आहे

पत्र: माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. ऐरोलीला बोटीतून फ्लेमिंगो बघून आलो, तेव्हापासून तिने एकच धोशा लावलाय, ‘मला खाडीवर वनरक्षक व्हायचंय.’ घरात सगळ्यांचं मत फार्मसी करावी. मुंबईत अशी नोकरी खरंच असते का? पगार किती? आणि मुलीच्या जातीने चिखलात, रात्री-अपरात्री हे काम करावं का?
– एक आई, मुलुंड पूर्व

ताई,

नोकरी खरंच असते, आणि तुमच्या घरापासून फार लांबही नाही. वनविभागाचा कांदळवन कक्ष, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल सांभाळणारी शाखा, २०१२ पासून आहे. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये ते रामसर यादीतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. ही सगळी जागा कुणीतरी रोज पायाखाली घालतं, म्हणून ती शिल्लक आहे.

पण मुलीने बोटीतून जे पाहिलं, तो या नोकरीचा सगळ्यात छोटा भाग आहे. वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र, म्हणजे राखायला नेमून दिलेला भाग असतो; बोलताना सगळे त्याला बीटच म्हणतात. गस्त भरती-ओहोटी बघून घालायची. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, श्वसनमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात. नजर ठेवायची ती पक्ष्यांपेक्षा माणसांवर. कुठे रात्रीतून राडारोड्याचा डंपर रिकामा झालाय, कुठे झोपडीसाठी भराव पडलाय. कधी तर कुऱ्हाडीचा एक घावही नसतो आणि तिवरांचा अख्खा पट्टा उभ्या उभ्या वाळत जातो. अशा वेळी शोधत जावं लागतं, की भरतीचं पाणी कुणी बांध घालून अडवलंय. तो बांध सापडला की खरं काम सुरू होतं: फोटो, मोजमाप, पंच गोळा करणं, पंचनामा, वनगुन्ह्याची नोंद, आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला २००५ पासून मनाई केली आहे, पण त्या आदेशात बळ येतं ते जागेवर नीट लिहिलेल्या पंचनाम्यामुळे. कच्चा पंचनामा झाला, की आरोपी सुटतो.

दुसरी बाजू कोळीवाड्यांची. जाळ्यात कासव किंवा बहिरी (व्हेल शार्क मासा) अडकला, तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. पण ओली जाळी ओढत आलेल्या, दिवसाची कमाई बुडालेल्या माणसाला हे समजावायचं तर आवाज न चढवता, मान देऊन बोलावं लागतं. म्हणून तिला प्राणी आवडतात का, हे मी विचारणारच नाही. अनोळखी, चिडलेल्या माणसाशी ती शांतपणे आणि ठामपणे बोलू शकते का? पानभर मराठी मजकूर चूक न करता लिहू शकते का? या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील, तर तिला अडवू नका.

आता फार्मसीचं. ती उत्तम शाखा आहे, ज्याला आवडते त्याच्यासाठी. पण पुढे तिला वनखात्यात वरिष्ठ अधिकारी व्हावंसं वाटलं, तर भारतीय वनसेवेच्या परीक्षेला चालणाऱ्या विषयांत फार्मसी नाही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, कृषी, वानिकी आहेत. ‘आधी फार्मसी, मग बघू’ म्हणालात तर तो दरवाजा तिच्यासाठी तुम्हीच लावून घेताय. माझा सल्ला स्पष्ट आहे: प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी. वनरक्षक भरतीला विज्ञानासह बारावी पुरते, त्यामुळे वयात बसताच जाहिरात आली की ती अर्ज करू शकते. पदवी हातात आली की एमपीएससीमार्फत वनक्षेत्रपाल, म्हणजे थेट रेंजची, अनेक बीटं मिळून होणाऱ्या वनक्षेत्राची, जबाबदारी. आणि वनखात्यात मन रमलं नाही, तरी त्याच पदवीवर बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) सारख्या ठिकाणी संशोधनाची वाट उरते.

वनरक्षकाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००, वर भत्ते. मुंबईच्या मानाने फार नाही, हे तिला आत्ताच सांगा. भरती वनवृत्तानुसार, म्हणजे वनखात्याच्या प्रादेशिक विभागानुसार होते; पहिली नेमणूक खाडीवरच मिळेल याची हमी नाही, शहापूर-जव्हारचं जंगलही मिळू शकतं. हेही तिला आधीच माहीत हवं.

मुलीच्या जातीने करावं का, हा प्रश्न तुम्ही काळजीपोटी विचारलात, त्यात वावगं काही नाही. भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि खाकी घालून गस्त घालणाऱ्या मुली आज राज्यभर आहेत. काम जोखमीचं आहेच. रात्रीच्या गस्तीला एकटं जायचं नाही, हे शहाणपण तिथे मुलग्यांनाही पाळावं लागतं.

तूर्त एक करा. बारावीची परीक्षा झाली की तिला कांदळवन स्वच्छतेच्या एखाद्या मोहिमेत पाठवा, एकदाच नव्हे, सलग काही रविवार, भर उन्हाचेसुद्धा. पाठोपाठ धावण्याचा सराव सुरू होऊ दे. भरतीत मुलींना ३ किलोमीटर धावावं लागतं आणि किती वेळात धावलं त्यावर गुण मिळतात. जूनमध्ये बीएस्सीचा फॉर्म भरायच्या आधी तिचं काय म्हणणं आहे ते मला कळवा. तेव्हा कॉलेज कोणतं, हे आपण नक्की ठरवू.