सुक्या गोदीचा देखावा: पाणी उपसून किती दिवस झाले, हे आधी ठरवावे

आपण विचारले आहे की, १:३५० प्रमाणातील फ्लेचर वर्गाची विनाशिका (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन युद्धनौका) तयार होत आली असून ती पाण्यावर न दाखवता सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून जहाज दुरुस्त करतात त्या खोल हौदात, उभी दाखवायची आहे, तर गोदी कशाची बांधावी आणि ती कोरी करकरीत न दिसता वर्षानुवर्षे वापरातली कशी दिसेल. मी सांगलीत राहून जहाजांची मॉडेल्स करतो. मॉडेलच्या सामानाचे खास दुकान हाताशी नसते, हे धरूनच उत्तर लिहीत आहे, त्यामुळे पुढे आलेल्या बहुतेक वस्तू फ्लेक्स-बोर्डवाल्याकडे, रंगाच्या दुकानात किंवा पूजेच्या साहित्याच्या दुकानात मिळतील.

बोर्ड कापायला घेण्यापूर्वी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवावी: गोदीतले पाणी उपसून किती काळ झाला आहे? माझ्या मते सगळे वेदरिंग, म्हणजे रंगाने दाखवलेल्या वापराच्या आणि हवापाण्याच्या खुणा, या एका उत्तरावर उभे राहते. पाणी नुकतेच उपसले असेल, तर भिंती ओल्या, तळ चिखलाने माखलेला आणि जहाजाच्या पोटावर शेवाळ व बार्नेकल्स (जहाजाला चिकटणारे कवचधारी सागरी जीव) जशीच्या तशी असतात. काही दिवस झाले असतील, तर भिंतींचा वरचा भाग वाळून फिका पडलेला, जहाजाचा अर्धा भाग खरवडलेला आणि उरलेला जुन्या रंगाचा असतो. जहाज बाहेर काढण्याची वेळ जवळ आली असेल, तर पोटाचा रंग ताजा असतो आणि गोदीच्या तळावर रंगाचे थेंब व शिंतोडे पडलेले असतात. पुष्कळ देखाव्यांत प्रत्येक वस्तू उत्तम रंगवलेली असूनही एकूण चित्र पटत नाही, कारण भिंत एका दिवसाची असते आणि जहाज दुसऱ्या दिवसाचे. आपण मधली अवस्था निवडावी, असे मी सुचवेन, कारण जुने आणि नवे शेजारी शेजारी दाखवण्याची संधी तिथेच सर्वाधिक आहे.

आता मापे. फ्लेचर वर्गाच्या विनाशिकेची लांबी सुमारे ११५ मीटर आणि रुंदी सुमारे १२ मीटर, म्हणजे १:३५० प्रमाणात साधारण ३३ सेंमी आणि ३.४ सेंमी. गोदीच्या तळाची लांबी ४० सेंमी आणि रुंदी ७ सेंमी ठेवली, तर दोन्ही बाजूंना परांची उभारायला आणि माणसे वावरायला जागा उरते. खोली ३.५ सेंमीच्या आसपास पुरेशी आहे. धक्क्यावरची क्रेन, तिचे रूळ आणि एखादी शेड धरून ६० × ३० सेंमीचा १२ मिमी एमडीएफचा पाया घ्यावा. मुंबईची १९१४ सालची ह्यूजेस ड्राय डॉक १००० फूट लांब आहे आणि याच प्रमाणात ती ८७ सेंमी भरते, तेव्हा एखाद्या प्रत्यक्ष मोठ्या गोदीची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा मोह टाळून जहाजाला शोभेल अशी मध्यम गोदी करणे बरे. काँक्रीट की दगड, हा प्रश्नही जहाजाच्या काळावरून सोडवावा. १७५० मध्ये लवजी नसरवानजी वाडिया यांनी मुंबईत बांधलेल्या गोदीसारखी घडीव दगडाची गोदी शिडाच्या जहाजाला शोभते, तर १९४० च्या दशकातल्या विनाशिकेला काँक्रीटची गोदी अधिक योग्य ठरते.

बांधणीसाठी ३ मिमी जाडीचा सनबोर्ड (पाट्यांसाठी वापरतात तो हलका फोमचा बोर्ड) सर्वांत सोयीचा. या प्रमाणात ३ मिमी म्हणजे प्रत्यक्षातले साधारण १ मीटर. त्यामुळे बोर्डाचे आयताकृती चौकटीसारखे थर कापून एकावर एक रचावेत आणि दर दोन थरांनंतर आतली पोकळी बाजूंना ४ मिमीने वाढवत न्यावी, म्हणजे गोदीच्या भिंतींना असतात तशा पायऱ्या आपोआप तयार होतात. या पायऱ्या शोभेच्या नसतात. जहाजाला बाजूने आधार देणारे लाकडी वासे त्यांच्यावर टेकवले जात आणि कामगारांची ये-जाही त्यांच्यावरून होत असे, म्हणून आपणही पायरीवर एखादा वासा, दोराचे वेटोळे किंवा शिडी ठेवावी. सनबोर्ड फेव्हिक्विकने घट्ट चिकटतो. थर्मोकोल मात्र दिसणाऱ्या पृष्ठभागासाठी घेऊ नये, कारण फेव्हिक्विक आणि स्प्रे रंगातले सॉल्व्हंट दोन्ही त्याला विरघळवतात. सनबोर्डाच्या कापलेल्या कडा सच्छिद्र असतात. त्यांच्यावर वॉल पुट्टीत थोडा फेव्हिकॉल आणि पाणी मिसळून पातळ हात द्यावा आणि वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासावे. पूर्ण गुळगुळीत करू नये. पुट्टी ओली असताना पट्टीच्या कडेने आडव्या रेषा दाबल्या, तर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे मिळतात आणि काँक्रीट काँक्रीटसारखे दिसू लागते.

तळ सपाट दिसला तरी तो प्रत्यक्षात बाजूच्या गटारांकडे किंचित उतरता असतो. त्या गटारांतून पाणी दरवाजाजवळच्या खड्ड्यात जमते आणि तेथून पंप ते बाहेर फेकतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण त्याची जॅकवेल (नदीचे पाणी जमवून पंपाने उपसण्याची विहीर) याच तत्त्वावर चालते. इतक्या लहान प्रमाणात उतार दिसणार नाही, पण दोन्ही बाजूंना १ मिमीची गटारे जरूर कोरावीत, कारण पुढे सगळा गाळ, गंज आणि ओल त्यांच्याच आधाराने दाखवायची आहे. दरवाजा म्हणजे पोकळ पोलादी केसॉन. तो तरंगत आणून तोंडाशी बसवतात आणि आत पाणी भरून बुडवतात. त्याच्या कडांतून थोडे पाणी नेहमीच पाझरते, म्हणून कोरड्या पडलेल्या गोदीतही ती एक जागा कायम ओली आणि हिरवी राहते.

जहाज बहुधा नाळ (पुढचे टोक) आतल्या बाजूला आणि सुकाणू दरवाजाकडे ठेवून उभे करतात. कीलखालचे (कील म्हणजे जहाजाच्या तळाचा लांब कणा) ठोकळे माणसाला खाली शिरून काम करता येईल इतके उंच असतात. दीड मीटर धरले, तर आपल्याला ४ मिमीपेक्षा किंचित जास्त उंची लागेल. खालचा भाग काँक्रीटचा आणि वरचा भाग लाकडाचा दाखवावा, कारण जहाजाचे पोलाद थेट काँक्रीटवर टेकवत नाहीत. आइस्क्रीमच्या काड्यांचे तुकडे यासाठी उत्तम. पोटाला दोन ठिकाणी भोके पाडून पितळी तारेचे खुंट बसवावेत आणि तेच खुंट ठोकळ्यांतून पायापर्यंत न्यावेत. जहाज शेवटी बसवायचे असले, तरी त्याच्या सावलीत येणारा तळ आधीच रंगवून, डाग देऊन पूर्ण करावा, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. ऊन कधीच पोहोचत नसल्यामुळे तो पट्टा सर्वांत उशिरा वाळतो आणि इतर तळापेक्षा गडद दिसतो.

जहाजाच्या पोटाकडे विशेष लक्ष द्यावे. शेवाळरोधक रंग तांबूस दिसतो, तो त्यात क्युप्रस ऑक्साइड असते म्हणून. समुद्रातून बाहेर येऊन वाळल्यावर तो फिका आणि खडूसारखा होतो. म्हणून डबीतला लाल रंग तसाच न लावता त्यात थोडा पांढरा आणि किंचित करडा मिसळावा. हिरवे शेवाळ पाण्याच्या रेषेलगत जास्त असते, कारण तिथे उजेड पोहोचतो. खाली जाताना ते कमी होते आणि बार्नेकल्सचे पांढुरके पुंजके दिसू लागतात. हे पुंजके स्पंजच्या बारीक तुकड्याने, अगदी कोरड्या मळकट पांढऱ्या रंगाने टिपावेत. नाळेकडचा अर्धा भाग खरवडलेला दाखवून त्यावर रेड लेडच्या (शिशाच्या ऑक्साइडच्या) प्राइमरचे दिसतात तसे शेंदरी पट्टे द्यावेत. त्या पट्ट्यांची कड सरळ नसावी, कारण परांचीवर उभ्या माणसाचा हात जिथवर पोहोचतो, तिथवरच रंग लागलेला असतो. एक तपशील मला अतिशय आवडतो. कीलच्या ठोकळ्यांवर जहाज जिथे टेकते, तिथे रंग लावता येत नाही आणि पुढच्या वेळी ठोकळे थोडे सरकवून ती जागा रंगवतात. त्यामुळे कीलजवळ ठरावीक अंतरावर, आताच्या ठोकळ्यांच्या मधोमध, मागच्या खेपेचे जुन्या रंगाचे चौकोनी ठिगळ दिसते. ते दाखवायला दोन मिनिटे लागतात आणि जाणकाराची नजर तिथेच थांबते.

भिंतींसाठी मी कोणत्याही फोटोपेक्षा कृष्णेच्या घाटावर जास्त शिकलो. पावसाळा सरल्यावर घाटाच्या दगडी भिंतीसमोर उभे राहून पाहावे: सर्वांत वर वाळलेला फिका भाग, त्याखाली पाणी बरेच दिवस थांबलेली गडद आडवी पट्टी, तिच्यावर गाळाचा मऊ थर आणि सांध्यांतून खाली उतरलेले पांढरे ओघळ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर शहरातल्या असंख्य घरांच्या भिंतींवर हीच आडवी रेषा उमटली होती आणि तिची वरची कड तलम, खालची बाजू मात्र हळूहळू गडद होत गेलेली होती. गोदीच्या भिंतीवरही आडव्या पट्ट्या आधी द्याव्यात आणि उभे ओघळ त्यांच्यावर नंतर, कारण पाणी आधी थांबते आणि मग निथळते. फक्त समुद्राच्या बाजूने एक फरक लक्षात ठेवावा. दरवाजाच्या बाहेरच्या भिंतीला रोज भरती-ओहोटी लागते, तिथे शेवाळाचा पट्टा दाट आणि ठसठशीत असतो. आतली गोदी अनेकदा कोरडी राहत असल्याने तिथले शेवाळ विरळ आणि मुख्यतः खालच्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांत असते.

रंगाचा क्रम असा ठेवावा. प्राइमरवर करड्या ॲक्रिलिकचे दोन-तीन जवळचे छटाभेद, ते पूर्ण वाळल्यावर चकचकीत वार्निशचा पातळ हात, त्यावर ऑइल रंगाचे वॉश (अगदी पातळ केलेल्या रंगाचे हात) आणि शेवटी मॅट वार्निश. ॲक्रिलिकच्या वर ऑइल घेण्याचे कारण इतकेच की, टर्पेंटाईनमुळे खालचा वाळलेला ॲक्रिलिक थर उठत नाही, त्यामुळे न पटलेला ओघळ पुसून पुन्हा काढता येतो. भिंतीतल्या लोखंडी कडीखालचा ओघळ काढताना बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका कडीच्या खाली ठेवावा, दहा मिनिटे थांबावे, आणि टर्पेंटाईनमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा केलेला सपाट ब्रश वरून खाली एकदाच ओढावा. ओघळ वर गडद राहतो आणि खाली विरत जातो. सांध्यांतला लोणा, म्हणजे झिरपून आलेल्या क्षारांचे पांढरे ओघळ, याच पद्धतीने, मळकट पांढऱ्या रंगाने काढावा. प्रमाणाचे भान मात्र सुटू देऊ नये: या मॉडेलवरचा १ मिमी रुंद ओघळ म्हणजे प्रत्यक्षातले ३५ सेंमी, आणि इतका रुंद ओघळ एका कडीखाली येत नाही. म्हणून ओघळ केसाइतके बारीक असावेत आणि गंजाचा नारिंगी रंगही जपूनच वापरावा.

कोरड्या गंजासाठी आणि तळावरच्या मातीसाठी महागडी पिगमेंट (रंगाच्या कोरड्या पुडी) मागवण्याची गरज नाही. गेरू आणि पिवडी हीच मुळात लोहाची ऑक्साइडे आहेत. दोन्ही खलून वस्त्रगाळ करावीत आणि वेगवेगळ्या प्रमाणात मिसळली, की ताज्या नारिंगी गंजापासून जुन्या तपकिरी गंजापर्यंत सगळ्या छटा मिळतात. गाळासाठी नदीकाठची माती तव्यावर भाजून, तशीच वस्त्रगाळ करून घ्यावी. शेंदूर मात्र पिगमेंट म्हणून मुळीच वापरू नये, कारण पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड असतो आणि त्याची पूड श्वासातून जाणे घातक आहे. प्राइमरचा शेंदरी रंग ट्यूबमधल्या ॲक्रिलिकने साधावा. कोणतीही पूड चाळताना मास्क लावावा. पूड गटारांच्या कडेने, ठोकळ्यांच्या पायाशी आणि खरवडलेल्या भागाच्या बरोबर खाली ठेवावी, कारण पडलेले पोपडे आणि शिंपले तिथेच साठतात. मग ड्रॉपरने टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या मॅट वार्निशचा एकेक थेंब कडेला सोडून ती बसवावी. थेंब थेट पुडीवर टाकला, तर खड्डा पडतो.

ओल सर्वांत शेवटी. दरवाजाच्या दोन्ही कडा, गटारे आणि जहाजाखालचा पट्टा एवढ्याच ठिकाणी चकचकीत वार्निश द्यावे. पंपाच्या खड्ड्यात ते दोन-तीन थरांत भरावे आणि प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा द्यावा. माणसांच्या आकृत्या या प्रमाणात ५ मिमीच्या असतात. त्या सगळीकडे विखरून न टाकता जिथे काम चालू आहे तिथे, म्हणजे खरवडलेल्या आणि जुन्या रंगाच्या सीमेवर, परांचीसह ठेवाव्यात. संपूर्ण देखाव्यावर पारदर्शक ॲक्रिलिक शीटची पेटी करून घ्यावी, कारण पुडीने मॅट केलेल्या पृष्ठभागावर बसलेली घरातली धूळ ब्रशने झाडली, तर तिच्याबरोबर गेरूही निघून येतो.