मॅकबेथचा संसार नेमका कुठे मोडला?

प्रश्न : शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ आम्हाला महाविद्यालयात नेमलेले होते, अलीकडे शिरवाडकरांनी केलेले त्याचे रूपांतर ‘राजमुकुट’ वाचताना ते पुन्हा आठवले. मॅकबेथ मुळात भला माणूस, बायकोने त्याला भरीला घातले आणि त्याचा घात झाला, असे तेव्हा शिकवले गेले होते. मग हीच बाई पुढे झोपेत चालत हात का चोळत बसते? आणि ती गेल्याची बातमी ऐकून नवरा इतका कोरडा कसा राहतो? या दोघांचे एकमेकांवर प्रेम होते असे मानावे की नाही?
– एक वाचक, कराड

उत्तर : प्रेम होते, आणि ते गृहीत धरल्याखेरीज या नाटकाचा उत्तरार्ध उलगडतच नाही, म्हणून आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. तू राजा होशील, ही चेटकिणींची भविष्यवाणी ऐकल्यावर मॅकबेथ स्वतः घरी पोहोचण्याआधी बायकोला पत्र धाडतो. त्यात तो तिला आपल्या वैभवातील लाडकी वाटेकरीण म्हणतो आणि पुढे वाढून ठेवलेल्या भाग्याची वार्ता उशिरा कळल्याने तिच्या वाट्याचा आनंद बुडू नये म्हणून हे कळवत आहे, असे सांगतो. नवरा बायकोला इतक्या बरोबरीच्या नात्याने लिहितो आहे, असे शेक्सपिअरच्या शोकांतिकांत क्वचितच दिसते.

‘बायकोने भरीला घातले’ हे उत्तर परीक्षेपुरते ठीक आहे. संहिता मात्र त्याला पुरती साथ देत नाही. स्कॉटलंडचा राजा डंकन याच्या खुनाचा विचार मॅकबेथच्या मनात बायकोची भेट होण्यापूर्वीच, पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात येऊन गेलेला असतो आणि त्या कल्पनेनेच त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. पुढे सातव्या प्रवेशात तो कच खातो, तेव्हा ‘हा बेत माझ्यापाशी तूच काढला होतास’ याची ती त्याला आठवण देते आणि तो ते नाकारत नाही. तिचा दोष वेगळाच आहे आणि माझ्या मते तो अधिक घातक आहे. या कामात आता पुढे जायचे नाही, असे मॅकबेथ स्पष्ट म्हणतो, त्यावर ती उत्तरते की मग तुझ्या प्रेमाचीही किंमत मी यावरूनच करीन. त्याच्या मर्दपणाला ती डिवचते हे सगळ्यांच्या लक्षात राहते. पण खुनाला तिने प्रेमाची कसोटी केले, ही गोष्ट सहसा नजरेतून निसटते. एकदा प्रेमच पणाला लागल्यावर त्या कृत्याचा पश्चात्ताप बोलून दाखवणे म्हणजे जोडीदारावर ठपका ठेवण्यासारखे होऊन बसते.

याचा प्रत्यय खुनाच्या रात्रीच येतो. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश सावकाश वाचून पाहावा. ‘तू काही बोललास का?’ ‘केव्हा?’ ‘आता.’ ‘मी उतरत होतो तेव्हा?’ अशा एकेका शब्दाच्या तुकड्यांत दोघे अंधारात एकमेकांना चाचपत असतात. शेजारच्या खोलीत प्रार्थना चालली असता आपल्या तोंडून ‘आमेन’ फुटले नाही, आणि झोपेचाच खून झाला असे सांगणारा आवाज आपण ऐकला, हे मॅकबेथ तिला पुन्हापुन्हा सांगू पाहतो. ती मात्र एवढा खोल विचार करू नकोस, अशाने वेड लागेल, असे म्हणून त्याला गप्प करते. हुजऱ्यांजवळ परत ठेवायला विसरलेल्या कट्यारी ती स्वतः नेऊन ठेवते आणि थोड्या पाण्याने सारे धुऊन निघेल, असे सांगते. पण त्याच प्रवेशाच्या आरंभी, मॅकबेथ येण्यापूर्वी, ती एकटीच असताना एक वाक्य बोलून गेलेली असते : झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच ते काम उरकले असते. हे वाक्य ती नवऱ्याला कधीही सांगत नाही. त्याने आपली भीती उघड केली आणि ती कोणी ऐकून घेतली नाही. तिची भीती तर उघडच झाली नाही.

तरीही संसार मोडला तो त्या रात्री नव्हे. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, राजाची वेळ मोकळी असेल तर दोन शब्द बोलायचे आहेत, असा निरोप राणीला नोकराकरवी स्वतःच्या नवऱ्याकडे पाठवावा लागतो. एकटी असताना ती म्हणते की सगळे खर्ची पडले आणि हाती समाधान आले नाही. आणि तो आत येताच सूर बदलून ‘झाले ते झाले’ असे त्यालाच बजावते. मॅकबेथ त्या प्रवेशात शेवटचे एकदा मन उघडतो आणि माझ्या डोक्यात विंचू भरले आहेत, असे तिला सांगतो. भविष्यवाणी ऐकताना सोबत असलेला सरदार बँको, त्याच्यावर मारेकरी घालण्याची व्यवस्था त्याने तिला न विचारता आधीच केलेली असते. काय करणार आहेस, असे ती विचारते, तेव्हा तो तिला लाडाच्या नावाने हाक मारून म्हणतो की तुला हे ठाऊक नसलेलेच बरे, काम झाल्यावर वाहवा कर. तो तिला जपत होता, असा अर्थ काही टीकाकार लावतात. मला तो पटत नाही, कारण त्याच प्रवेशात तो तिला मेजवानीत बँकोचा विशेष मान राखायला सांगतो; म्हणजे तिला काही न सांगता आपल्या नाटकात पात्र म्हणून उभी करतो. ज्याने पहिल्या अंकात तिच्या वाट्याचा आनंद बुडू नये म्हणून घाईने पत्र लिहिले, तो आता तिच्या वाट्याचे पाप परस्पर ठरवू लागला आहे. फूट पडते ती इथे.

मेजवानीत बँकोचे भूत दिसल्यावर ‘तू पुरुष आहेस ना?’ हे जुने अस्त्र ती पुन्हा काढते. ते आता चालत नाही. पाहुणे गेल्यावर ती त्याला एका शब्दानेही टोचत नाही, तुला झोपेची गरज आहे एवढेच म्हणते. यानंतर ही दोघे रंगभूमीवर एकत्र दिसत नाहीत.

पाचव्या अंकातील तिचे झोपेतले बोलणे आपण विचारले आहे. ते बोलणे बहुतांशी नवऱ्याशी आहे, आणि नवरा तेव्हा रणावर आहे. हात धू, असा फिकट पडू नकोस, बँकोला पुरले आहे, तुझा हात दे, चल झोपायला : जागेपणी जे बोलायचे राहिले ते ती इथे बोलते. त्यात आणखी एक वाक्य आहे, फाईफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे? हा सरदार म्हणजे मॅकडफ; त्याच्या बायकोच्या आणि मुलांच्या, मॅकबेथने करवलेल्या हत्येत हिचा हात नव्हता. तरी त्याचा हिशेब ती स्वतःच्या खात्यावर मांडते. (सारा सिडन्स या नटीने 1785 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात, प्रघात मोडून हातातला दिवा खाली ठेवला, तो दोन्ही हात चोळायला मोकळे व्हावेत म्हणून. हा मोठाच नटधर्म म्हणायचा!) मनोविश्लेषक फ्रॉइडने 1916 च्या एका लेखात असे निरीक्षण नोंदवले आहे की खुनाच्या रात्री जी भीती मॅकबेथला वाटली, ती प्रत्यक्षात उतरते राणीच्या बाबतीत, झोप त्याची उडाल्याचे सांगितले जाते आणि रात्री उठून चालते ती.

आता त्याचा कोरडेपणा. तिच्या आजाराबद्दल तो वैद्याला विचारतो, मनात रुजलेले दुःख उपटून काढता येत नाही का? हा प्रश्न निम्मा स्वतःसाठीच असावा. पण उत्तर मिळताच तो चिलखत मागतो. भयाची चवच आपण विसरलो, असे तो सांगत असतानाच तिच्या मृत्यूची वार्ता येते. ती पुढे कधीतरी मरायला हवी होती, अशा बातमीला तेव्हा वेळ मिळाला असता, हे त्याचे उद्गार मला निष्ठुर वाटत नाहीत; शोक करायलाही अवसर उरू नये इतके त्याने स्वतःला संपवले आहे. ती कशाने गेली, हे मात्र तो विचारत नाही.

प्रश्न : इतिहासात ही राणी अशीच होती का?
– त्याच वाचक

उत्तर : नाही. स्कॉटलंडवर मॅकबेथने 1040 ते 1057 राज्य केले आणि त्याच्या राणीचे नाव ग्रुओख होते. शेक्सपिअरने आधाराला घेतलेल्या, होलिनशेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीत, राणीपदाची हाव असलेली बायको, एवढाच मॅकबेथच्या पत्नीचा ओझरता उल्लेख आहे. पतीला राजहत्येला उद्युक्त करणारी स्त्री त्याच बखरीतील डॉनवाल्ड या दुसऱ्या एका राजघातक्याच्या प्रकरणात येते, आणि ती शेक्सपिअरने इथे आणली. त्याहून महत्त्वाचा फरक बँकोचा आहे. बखरीत तो कटात सामील असतो. इंग्लंडच्या गादीवर 1603 मध्ये आलेला पहिला जेम्स बँकोला आपला पूर्वज मानत असे, त्यामुळे 1606 च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकात बँकोला निर्दोष ठेवणे सोयीचेच होते. पण त्याचा परिणाम असा झाला, की डंकनच्या खुनाचे गुपित वाटून घ्यायला नवरा आणि बायको यांच्याखेरीज तिसरे कोणी उरले नाही.