स्वस्त शेअरवरचा पेन्शनचा बोजा

तुला अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण आणि एक्सेल दोन्ही नीट वाचलं. ब्रिटनमधली छोटी इंजिनिअरिंग कंपनी, लंडनच्या बाजारात नोंदलेली, पीई (शेअरची किंमत नफ्याच्या किती पट ते) सहाच्या आत, लाभांश चांगला, बँकेचं कर्ज माफक. त्यावर तू ‘खरेदी’चा शेरा मारला आहेस. विक्रीचं विभागवार विश्लेषण छान जमलंय, नफ्याचे अंदाजही उगाच फुगवलेले नाहीत. पण वार्षिक अहवालाच्या शेवटाकडे निवृत्तिवेतनाची एक टीप असते, तिच्यातला एकही आकडा तुझ्या एक्सेलमध्ये आलेला नाही. या कंपनीचा सगळा प्रश्न त्याच टिपेत आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

ती टीप तुझ्या नजरेतून सुटली यात नवल नाही. आपल्याकडच्या खासगी कंपन्या वाचून तयार झालेल्या माणसाला ही सवयच नसते. मालकाने पीएफमध्ये १२ टक्के भरले की त्याची जबाबदारी संपली; पुढे त्या पैशाचं काय होतं याचा भार कंपनीच्या ताळेबंदावर येत नाही. ग्रॅच्युइटीचा येतो, पण तो एकरकमी असतो आणि बहुतेक ठिकाणी आवाक्यातला. ब्रिटनमध्ये मात्र दोन-तीनशे कामगारांच्या कारखान्यांनीसुद्धा कामगारांना आपण जिला ‘जुनी पेन्शन’ म्हणतो ती कबूल केली होती. महाराष्ट्र सरकारने नव्या नेमणुकांसाठी १ नोव्हेंबर २००५ पासून जी बंद केली आणि जिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तीच कल्पना: सेवेची वर्षं आणि पगार यांवर ठरलेली रक्कम मरेपर्यंत, मागे राहिलेल्या जोडीदारालाही काही हिस्सा. फरक एवढाच की तिथे देणेकरी सरकार नाही, कंपनी आहे. पैसा विश्वस्तांच्या ताब्यात वेगळ्या निधीत असतो आणि तो कमी पडला तर भर कंपनीने घालायची. यातल्या बहुतेक योजना नव्या माणसांसाठी कधीच बंद झाल्या. पण दिलेला शब्द बंद होत नाही.

छोट्या कंपनीत हे प्रकरण इतकं गंभीर का होतं, याचं कारण इतिहासात आहे. कंपनी आज छोटी असते, पण पेन्शन योजना ती मोठी होती तेव्हाची असते. युनिकचं उदाहरण तू मुळातून वाच. युनिगेट हा ब्रिटनमधला दुधाचा बडा उद्योग. एकेक धंदा विकत विकत मागे उरली सँडविच आणि गोड पदार्थ बनवणारी युनिक नावाची लहानशी कंपनी, आणि तिच्या गळ्यात जुन्या साम्राज्यातल्या कामगारांची पेन्शन. तूट ४० कोटी पौंडांच्या वर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या किमतीच्या कितीतरी पट. ती फेडणं अशक्य होतं. शेवटी २०११ मध्ये तुटीच्या बदल्यात कंपनीचे सुमारे ९० टक्के शेअर्स पेन्शन योजनेलाच देण्यात आले, आणि त्याच वर्षी ग्रीनकोर कंपनीने युनिक ११.३ कोटी पौंडांना विकत घेतली. जुन्या भागधारकांच्या वाट्याला आला उरलेला दहावा हिस्सा. कंपनीचं सँडविच विकण्यात काहीच चुकलं नसेल. त्यांनी सातबारा वाचला आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातला बोजा वाचला नाही.

आता तुझ्या कंपनीकडे येऊ. टिपेतले आकडे मी सोयीसाठी पूर्णांकात घेतो. बाजारमूल्य ४ कोटी पौंड, निव्वळ कर्ज १ कोटी, व्याज आणि कर यांपूर्वीचा नफा १ कोटी. काही खर्च बाजूला काढून कंपनी ज्याला ‘समायोजित’ म्हणते तो करोत्तर नफा ६९ लाख. म्हणून तुझा पीई ५.८ आणि एंटरप्राइझ व्हॅल्यू, म्हणजे बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज, व्याज-करापूर्वीच्या नफ्याच्या पाचपट. गणित बरोबर आहे. पण पेन्शन योजनेची देणी आहेत १५ कोटी, मालमत्ता १२ कोटी, तूट ३ कोटी. कंपनी ती भरून काढायला दरवर्षी ३५ लाख पौंड योजनेत घालते.

हे ३५ लाख नफा-तोटा पत्रकात शोधून सापडणार नाहीत, आणि हीच गोष्ट नव्या विश्लेषकाला सगळ्यात जास्त फसवते. आयएएस १९ या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तुटीवरचं व्याज तेवढं नफ्यातून वजा होतं, आणि बऱ्याच छोट्या कंपन्या ‘समायोजित’ नफा सांगताना तेही बाजूला काढतात. तूट भरण्याचा हप्ता फक्त कॅश फ्लोमध्ये, म्हणजे रोख रकमेच्या पत्रकात दिसतो. म्हणजे नफा ठणठणीत आणि तिजोरीतून दरवर्षी मोठी रक्कम बाहेर. या हप्त्यावर करसवलत मिळते. २५ टक्के कर धरला तर कंपनीला पडणारा खरा भार साधारण २६ लाखांचा. तो ६९ लाखांतून वजा केला की भागधारकांसाठी उरतात ४३ लाख, आणि पीई सहाच्या आतून थेट नऊच्या वर जातो. दुसऱ्या बाजूने बघ: तूट कर वजा जाता सव्वादोन कोटी, ती कर्जात धरली की एंटरप्राइझ व्हॅल्यू ७.२५ कोटी, म्हणजे पाचपटीऐवजी सव्वासातपट. शेअर महाग आहे असं मी म्हणत नाही. पण तू लिहिलंस तितका स्वस्त तो नाही.

एक सावधगिरी. हे दोन्ही हिशेब एकाच वेळी एकाच मूल्यांकनात घालू नकोस. पुढच्या दहा वर्षांच्या रोकडीतून हप्ते वजा केलेस आणि वर तूटही कर्ज म्हणून वजा केलीस, तर एकच देणं दोनदा कापलं जातं. चांगल्या चांगल्या अहवालांत ही चूक मी पाहिली आहे.

पण सव्वादोन कोटी हा आकडा तरी पक्का आहे का? मला सगळ्यात जास्त काळजी तुटीच्या आकड्याची नाही, त्यामागच्या १५ कोटींची वाटते. तूट म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधला फरक. देणी पुढच्या कित्येक दशकांत द्यायची, म्हणून ती आजच्या किमतीत आणायला उच्च दर्जाच्या कंपनी रोख्यांचा परतावा डिस्काउंट रेट म्हणून वापरतात. समज, देणी सरासरी चौदा वर्षांच्या मुदतीची आहेत. हा दर अर्ध्या टक्क्याने खाली आला की देणी साधारण ७ टक्क्यांनी वाढतात, म्हणजे एक कोटी पाच लाख पौंडांनी. निधीतल्या मालमत्तेने तितकी साथ दिली नाही, तर करानंतरही ७९ लाखांचा फटका, बाजारमूल्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. कारखान्यात एकही ऑर्डर कमी झालेली नाही, एक मशीनही बंद पडलेलं नाही. तुटीइतकंच एकूण देणी बाजारमूल्याच्या किती पट आहेत हे बघायला मी सांगतो ते यासाठी. इथे ती पावणेचार पट आहेत. मोठ्या कंपनीत हेच प्रमाण क्षुल्लक असेल तर तिथे तू हे पत्र विसरलास तरी चालेल.

कार्क्लोचं २०१६ चं प्रकरण याच मुद्द्याचं. वेस्ट यॉर्कशायरमधली ही प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणारी छोटी कंपनी. ब्रेक्झिटच्या कौलानंतर रोख्यांचे परतावे कोसळले, ऑगस्टमध्ये बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर पाव टक्क्यावर आणला. पेन्शनची तूट फुगली आणि तिने कंपनीचा वितरणयोग्य राखीव निधीच, म्हणजे भागधारकांना वाटता येण्याजोगा साठलेला नफाच, पुसून टाकला. ब्रिटनच्या कायद्यात लाभांश फक्त त्याच निधीतून देता येतो, म्हणून ठरलेला लाभांश रद्द करावा लागला. धंदा तोट्यात नसताना. तुझ्या टिपणात लाभांशाच्या टक्केवारीवर एक पूर्ण परिच्छेद आहे. तो लिहिण्याआधी उपकंपन्या सोडून एकट्या मूळ कंपनीचा स्वतंत्र ताळेबंद उघडायला हवा होता. एकत्रित ताळेबंदात हा निधी दिसत नाही.

आणखी एक. टिपेत छापलेली तूट ही अनेकांपैकी एक तूट आहे. दर तीन वर्षांनी विश्वस्तांचा ॲक्चुअरी (विमा-पेन्शनची देणी मोजणारा तज्ज्ञ) योजनेचं वेगळं मूल्यांकन करतो, त्यात गृहीतकं जास्त सावध असतात, आणि कंपनीने किती हप्ता भरायचा ते त्यावरून ठरतं. टिपेतल्या आकड्यावरून नव्हे. तिसरा आकडा विमा कंपनीला सगळी देणी कायमची सोपवायला लागणाऱ्या रकमेचा. तो बहुधा सगळ्यात मोठा, आणि कंपनी बुडाली किंवा कोणी ती विकत घ्यायला आलं की हाच आकडा टेबलावर येतो. २००४ मध्ये पर्मिरा ही गुंतवणूक कंपनी डब्ल्यू. एच. स्मिथ ही पुस्तकं-स्टेशनरीच्या दुकानांची साखळी घ्यायला निघाली होती. पेन्शनच्या विश्वस्तांची मागणी पुढे आली आणि तो सौदा मोडला. म्हणून ‘कंपनीवर बोली येऊ शकते’ हे तुझं वाक्य मी तूर्त खोडतो आहे.

आता विश्वस्तांबद्दल. ते ज्यांच्यासाठी बसलेले असतात त्यांची पेन्शन तू ‘वारसा खर्च’ या एका शब्दात गुंडाळलीस, ते मला खटकलं. पेन्शन हा कामगाराचा पगारच आहे. त्याने तो तेव्हा घेतला नाही, म्हातारपणासाठी कंपनीकडे ठेवला. ज्या शीटवर तू १५ कोटी हा आकडा लिहिशील, त्याच्या मागे आयुष्यभर लेथवर उभी राहिलेली माणसं आहेत, आणि त्यांना आता दुसरी नोकरी शोधता येत नाही. १९९१ मध्ये वृत्तपत्रांचा मालक रॉबर्ट मॅक्सवेलच्या मृत्यूनंतर त्याच्या मिरर ग्रुपच्या पेन्शन निधीतले शेकडो दशलक्ष पौंड गायब असल्याचं उघड झालं, तेव्हापासून ब्रिटनचा कायदा या माणसांच्या बाजूने घट्ट होत आला. २००४ च्या कायद्याने पेन्शन नियामक आणि बुडालेल्या योजनांसाठी संरक्षण निधी उभा केला. तरीही, मालक बुडाला तेव्हा ज्यांचं निवृत्तीचं वय झालेलं नव्हतं, त्यांना तो निधी कबूल केलेल्या रकमेच्या ९० टक्केच देतो. बीएचएस ही दुकानांची साखळी २०१५ मध्ये एका पौंडाला विकली गेली, जेमतेम वर्षभरानंतर बुडाली, आणि पेन्शनमध्ये ५७.१ कोटी पौंडांचं भगदाड निघालं. जुने मालक फिलिप ग्रीन यांना २०१७ मध्ये नियामकाशी तडजोड करून ३६.३ कोटींपर्यंत द्यायला तयार व्हावं लागलं.

याचा मूल्यांकनाशी थेट संबंध आहे. तूट मोठी असली की विश्वस्त म्हणजे कंपनीचा सगळ्यात मोठा धनको, आणि त्याला न विचारता फारसं काही करता येत नाही. भागधारकांना लाभांश वाढवून दिला की योजनेलाही वाढीव हप्ता, असा करार अनेक ठिकाणी असतो. एखादा विभाग विकला तर त्या पैशावर पहिला डोळा त्यांचा. कंपनी अडचणीत नसताना विश्वस्त समजूतदार असतात, हप्ता लांबवून देतात, कारण जिवंत कंपनी हेच त्यांचं सर्वांत मोठं तारण आहे. मी स्वतः अशा कंपनीला, तूट बाजूला ठेवूनसुद्धा, नफ्याच्या कमी पट किंमत देतो. पुढच्या वाढीचे पैसे आधी दुसरीकडे जाणार असतील तर व्यवस्थापनाचे हात तितके मोकळे नाहीत.

उलट्या दिशेलाही चूक होते, ती टाळ. सप्टेंबर २०२२ मधल्या ब्रिटन सरकारच्या करकपातीच्या मिनी-बजेटनंतर सरकारी रोख्यांचे परतावे उसळले, पेन्शन फंडांची तारांबळ उडाली, बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावं लागलं. पण चढलेल्या व्याजदरांनी देणी आकसली, आणि बऱ्याच योजनांची तूट घटली, कित्येक तर शिलकीत आल्या. अशा काही छोट्या कंपन्यांकडे बाजार अजून जुन्याच नजरेने बघतो. हप्ते थांबणार असतील तर ती रोकड भागधारकांसाठी मोकळी होते, आणि तिथे खरोखर संधी असते. मात्र शिल्लक म्हणजे कंपनीच्या खिशातले पैसे असं समजून ती मूल्यात मिळवू नकोस. ती परत घेण्यासाठी योजनेचे नियम तसे असावे लागतात, विश्वस्तांची संमती लागते, आणि परत आलेल्या रकमेवर एप्रिल २०२४ पासून २५ टक्के कर आहे. आधी तो ३५ टक्के होता. शिलकीला मी शून्य किंमत देतो आणि थांबलेल्या हप्त्यांना पूर्ण.

तर टिपण परत घे. मागच्या पाच वर्षांच्या कॅश फ्लोमधून योजनेत भरलेली प्रत्येक रक्कम काढ. विश्वस्तांचं मागचं त्रैवार्षिक मूल्यांकन कोणत्या तारखेचं आणि पुढचं कधी, हे अहवालात सापडेल. पूर्ण व्हायला त्या तारखेपासून पंधरा महिन्यांची मुदत असते, त्यामुळे नवा हप्ता कधी ठरणार याचा अंदाज बांधता येतो. टिपेच्या शेवटी संवेदनशीलतेचा, म्हणजे एकेक गृहीतक बदललं तर देणी किती हलतील याचा, छोटा तक्ता असतो: डिस्काउंट रेट, महागाई, आयुर्मान. तो जसाच्या तसा एक्सेलमध्ये उतरव आणि प्रत्येक ओळीपुढे बाजारमूल्याशी टक्केवारी मांड. निधीतले किती पैसे रोख्यांत आणि किती शेअर्समध्ये हेही लिही, कारण व्याजदर हलले तर मालमत्ता देण्यांच्या बरोबर हलेल की नाही ते त्यावरून कळतं. वित्त संचालकांशी बोलणं झालं तर एकच विचार: पुढचं मूल्यांकन झाल्यावर हप्ता वाढण्याची तुमची तयारी किती आहे? उत्तराआधी ते किती वेळ घेतात तेही टिपून ठेव.

शेरा अजून ‘खरेदी’च राहिला तरी माझी हरकत नाही. सुधारलेलं टिपण आलं की बसू.