सोळा बोअरची दुनळी : वाचकांचे प्रश्न

१६ बोअरच्या बंदुकीबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतल्या बहुतेक बंदुका वडिलांच्या किंवा आजोबांच्या आहेत. या बंदुका नीट राहाव्यात असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून जिथे चूक महागात पडते तिथे उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : आजोबांची इंग्लिश बनावटीची १६ बोअर दुनळी वडिलांच्या परवान्यावर आहे. दुकानात विचारले की सगळे १२ बोअरच पुढे करतात. १६ बोअर बंद पडावी इतकी वाईट होती का? (कोलशेत, ठाणे)

वाईट मुळीच नव्हती. आधी बोअर म्हणजे काय ते पाहू. नळीच्या आतल्या व्यासाइतकी शिशाची गोल गोळी घ्यायची. अशा जितक्या गोळ्या एका पौंडात बसतील तितका त्या नळीचा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. १२ बोअरची नळी साधारण १८.५ मिमी, १६ ची १६.८ आणि २० ची १५.६. सोळा गोळ्यांचा पौंड म्हणजे एक गोळी एक औंसाची, २८.३५ ग्रॅमची. आणि १६ बोअरच्या नेहमीच्या काडतुसातले छरेही एक औंसच असतात.

बंदूक बनवणाऱ्या इंग्रज कारागिरांत ग्रीनर यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे : बंदुकीचे वजन छऱ्यांच्या ९६ पट असावे, म्हणजे खांद्याला धक्का सोसवतो. एक औंसाला ९६ औंस म्हणजे सहा पौंड, सुमारे २.७ किलो. नीट बांधलेली १६ बोअर दुनळी याच वजनाच्या आसपास भरते, १२ बोअरची तीन किलोच्या घरात जाते. पाव किलोचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण दिवसभर बंदूक हातात घेऊन चालणाऱ्याला तो दुपारनंतर जाणवतो, आणि खांद्यावर पटकन उचलताना तर लगेच कळतो. तिचे चाहते अजून टिकून आहेत ते या तोलामुळे.

मग ती मागे का पडली? पहिले कारण स्पर्धा. हवेत उडवलेल्या तबकड्या टिपण्याच्या अमेरिकी स्कीट स्पर्धेत १२, २०, २८ आणि .४१० (हा आकडा मात्र नळीच्या इंचातल्या व्यासाचा) असे चार गट ठरले, १६ ला गटच मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय ट्रॅप (तबकड्या टिपण्याचाच दुसरा प्रकार) आणि स्कीटमध्ये १२ पेक्षा जाड नळी चालत नाही, बारीक चालते. साहजिकच सगळे १२ च घेतात. जिथे खप तिथे कारखाना, त्यामुळे काडतुसे १२ ची स्वस्त झाली आणि १६ ची दुर्मीळ. दुसरे कारण २० बोअरचे ७६ मिमी लांबीचे काडतूस. १९५० च्या दशकात ते आले आणि १६ बोअरइतके, किंबहुना जास्त छरे बारीक नळीतून जाऊ लागले.

तिसरे कारण आम्हाला सगळ्यात जास्त सलते. खर्च वाचवण्यासाठी काही कारखान्यांनी १२ बोअरच्याच सांगाड्यावर १६ च्या नळ्या बसवल्या. वजन १२ चे, छरे १६ चे! अशी बंदूक हातात घेतलेल्या माणसाला १६ बोअरचा गुण कळणार तरी कसा? तुमच्या बंदुकीचे वजन करून पाहायला वडिलांना सांगा. तीन किलोच्या वर भरली तर ती अशीच असण्याची शक्यता आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये मात्र १६ बराच काळ टिकली. तिकडच्या ड्रिलिंग नावाच्या तिनळीत वरच्या दोन छऱ्यांच्या नळ्या पुष्कळदा १६ बोअरच्याच असतात.

प्रश्न : बंदुकीवर १६ कोरले आहे. दुकानदार म्हणतो ७० मिमीचे काडतूस चालेल, कारण ते आत नीट बसते. चालेल का? (नेरुळ)

बसते म्हणून चालते असे अजिबात नाही. १६ बोअरचा सर्वात मोठा धोका इथेच आहे.

काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडाल्यानंतरची, तोंड पूर्ण उलगडल्यानंतरची असते. ७० मिमीचे काडतूस न उडवलेले असताना तोंडाच्या घड्या मिटलेल्या असल्यामुळे ६० मिमीच्या आसपासच भरते. म्हणून ६५ मिमीच्या जुन्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसते त्या भागात, ते सहज जाते आणि बंदूक व्यवस्थित मिटते. उडाल्यावर घड्या उलगडतात, पण त्यांना जागा उरलेली नसते. चेंबर संपून नळी निमुळती होते त्याच भागात काडतुसाचे तोंड घुसते, छरे आणि त्यांच्यामागचे बूच तिथे आवळले जातात, दाब वाढतो. नवी मजबूत बंदूक हे एखाद्या वेळी सोसेल. ऐंशी वर्षांच्या दुनळीचे सांधे मात्र हळूहळू सैल होतात, आणि नळी आतून खड्डे पडून पातळ झाली असेल तर ती फुटू शकते.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अनेक १६ बोअर बंदुका ६५ मिमीच्या आहेत, युरोपीय आणि अमेरिकी दोन्ही. नळ्या उतरवल्या की त्यांच्या बुडाखालच्या सपाट भागावर खुणा दिसतात. तिथे १६/६५ किंवा १६/७० असे असेल तर प्रश्न मिटला. इंग्लिश बंदुकीवर २½ (इंच) म्हणजे छोटे चेंबर, २¾ म्हणजे ७० मिमी. काही जुन्या इंग्लिश बंदुकांवर चौकटीच्या आकारात फक्त १६ आणि त्याखाली सी (C) हे अक्षर असते. त्यावरून चेंबर तीन इंचांपेक्षा कमी आहे एवढेच समजते, म्हणून तिथे मोजावेच लागते.

मोजणी परवानाधारकाने स्वतः किंवा परवानाधारक गनस्मिथने करावी. बंदूक बिजागरीवर उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, मग नळ्या उतरवा. बुडाकडून टॉर्च मारला की आत एक सावलीची कडी दिसते. चेंबर तिथे संपते. पोलादी पट्टी चेंबरच्या भिंतीला लावून त्या कडीपर्यंतचे अंतर घ्या, दोन्ही नळ्यांचे वेगवेगळे. ६५ च्या जवळ आले की ७० चे काडतूस विसरा. उलट बाजूने अडचण नाही : ७० च्या चेंबरमध्ये ६५ चे काडतूस चालते. पट्टीचे माप हा अंदाज आहे. शेवटचा शब्द गनस्मिथच्या चेंबर गेजचा.

त्याच वेळी आणखी एक तपासणी करून घ्या. फक्त नळ्या खालच्या हुकाशी बोटावर टांगायच्या आणि नखाने किंवा लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची. देवघरातल्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की आहे. ठप्प असा बद्द आवाज आला तर झाळ कुठेतरी सुटली आहे. त्या फटीत पाणी शिरते आणि नळी बाहेरून गंजते, डोळ्यांना न दिसता. नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी असेल तर त्या दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या आहेत. अशी बंदूक आजच्या काडतुसांनी उडवू नका.

प्रश्न : १६ ची नळी आतून कोरून १२ बोअर करून देतो असे एकाने सांगितले. काडतुसांची कटकट मिटेल. करावे का? (ऐरोली)

नाही. आकडेच बोलतात. १८.५ वजा १६.८ म्हणजे १.७ मिमी, प्रत्येक बाजूने ०.८५ मिमी लोखंड काढावे लागेल. चांगल्या दुनळीच्या नळीची भिंत पुढच्या भागात मुळात एक मिलिमीटरहून कमी असते. काय उरणार? शिवाय परवान्यावर बोअर नोंदलेला असतो. बदललेली बंदूक परवान्याशी जुळणार नाही आणि तुम्ही गुन्ह्यात अडकाल.

प्रश्न : वडील वारले. १६ बोअर घरातच आहे, परवाना त्यांच्या नावावर. आम्हा भावंडांत कोणाकडे परवाना नाही. (वाशी)

बंदूक घरात ठेवू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. बंदूक घेऊन निघण्याआधी ठाण्यात फोन करा आणि ते सांगतील तसे करा. जमा केल्याची पावती घ्या. पावतीवर बोअर, नंबर आणि बनावट नीट लिहिली आहे का ते तिथेच वाचा.

त्यानंतर कायदेशीर वारसाला स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यू दाखला, मूळ परवाना आणि बाकी वारसांची लेखी संमती तयार ठेवा. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात : तुमच्यासाठी नवी मुंबई, कळवा-कोपरीकरांसाठी ठाणे. मुरबाड-शहापूरकडच्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यात मोजली जाते.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे वाचून ठेवावे : परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असली, तर २०१६ च्या नियमांनुसार तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. कागद हयातीत झाले की घरच्यांची पळापळ वाचते.

प्रश्न : १६ बोअरने खाडीकाठी बदके मारता येतात का? पूर्वी मारायचे असे ऐकले. (विटावा)

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे शिकार बंद आहे. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर स्थळही झाला. तिथे दुर्बीण न्या.

प्रश्न : १६ बोअरने ट्रॅप स्पर्धेत उतरता येईल? (घणसोली)

नियम आड येत नाही. छरे २४ ग्रॅमपर्यंतच लागतात आणि १६ बोअर तेवढे सहज नेते. प्रत्यक्षात मात्र एका फेरीला २५ तबकड्या असतात आणि सरावाला शेकडो काडतुसे उडतात. ती १६ ची मिळवताना खिसा आणि धीर दोन्ही संपतील. शिकायला १२ घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके येतात. चामड्याच्या म्यानात बंद करून ठेवतो तरीही. आणि १६ चा ब्रश मिळत नाही. (खारघर)

म्यानामुळेच येतात. चामडे ओल शोषते आणि धरून ठेवते, कमावताना वापरलेली रसायने लोखंडाला खातात. जून ते सप्टेंबर बंदूक म्यानाबाहेर, कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवा. सोबत सिलिका जेल ठेवा, आणि त्याचा रंग बदलला की तापवून वाळवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नको.

ब्रशसाठी सोपा उपाय : २० बोअरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश घ्या आणि त्यावर सुती कापडाचा पट्टा गुंडाळा. नळीत घट्ट पण सरकेल इतपत जाडी झाली की काम होते. १२ चा ब्रश जबरदस्तीने घालू नका, अडकला तर काढताना नळीवर चरे पडतील. नेहमी चेंबरकडून तोंडाकडे ढकला. आधी सॉल्व्हंट (नळीतली घाण सुटी करणारे द्रावण), दहा मिनिटे थांबा, ब्रश, मग कोरडे कापड काळे यायचे थांबेपर्यंत. शेवटी तेलाचा एक पातळ हात. तेल जास्त झाले तर ते ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते, लाकूड मऊ पडते आणि सांध्यापाशी चिरते. म्हणून पहिले काही दिवस बंदूक नळीचे तोंड खाली करून, जाड कापडावर उभी ठेवा.

ठिपके ताजे असतील तर तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने निघतात. सँडपेपर नको, त्याने नळीचा निळा मुलामाच जाईल. पुसून झाल्यावर नळीला उघड्या बोटांनी हात लावू नका. घामाचा एक ठसा आपल्याकडच्या दमट हवेत आठवडाभरात गंज धरतो.