पशुपालकाला काय ठाऊक आहे, हे कसे विचारावे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्यांना सुधारित पद्धतींचे ज्ञान कितपत आहे, हे तपासण्यासाठी तू केलेली प्रश्नावली मी दोनदा वाचली. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक प्रश्न ‘माहीत आहे का?’ या शब्दांनी संपतो, आणि माझी हरकत नेमकी तिथेच आहे. मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा), खनिज मिश्रण, कृत्रिम रेतन (वळूशिवाय, साठवलेले वीर्य वापरून जनावर भरवणे) हे शब्द बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असतात. त्यामुळे उत्तर ‘हो’ येते आणि आपण ज्ञान नोंदल्याच्या समाधानात पुढच्या गोठ्याकडे वळतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असेच कागद भरले होते.

रेतनाचेच उदाहरण घे. जनावर साधारण २१ दिवसांनी माजावर येते, म्हणजे गाभण राहण्यास तयार होते, हे पुष्कळ जण सांगतात. परंतु सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हे सांगणारे मला कमी भेटले. आणि दुसरे जनावर अंगावर चढत असताना गाय हलत नाही, स्थिर उभी राहते, हेच माजाचे सर्वांत खात्रीचे लक्षण आहे, असे नेमके सांगणारे त्याहून कमी. म्हशींमध्ये मुक्या माजाचे, म्हणजे बाहेर लक्षणे न दिसणाऱ्या माजाचे, प्रमाण अधिक असल्याने म्हशी पाळणाऱ्यांसाठी हा प्रश्न वेगळा लिही. ‘कधी’, ‘किती’ आणि ‘का’ हे तीन शब्द प्रश्नात आले की उत्तरातला पोकळपणा आपोआप उघडा पडतो.

अज्ञान आणि चुकीचे ज्ञान हेही एकाच रकान्यात घालू नकोस. व्यायल्यानंतर वार (गर्भाचे वेष्टन) पडेपर्यंत वासराला चीक, म्हणजे आईचे पहिले घट्ट दूध, पाजू नये, असे ठामपणे मानणारा शेतकरी अजाण नसतो. त्याच्याकडे उत्तर असते, फक्त ते वासराच्या जिवावर बेतणारे असते. चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाते आणि २४ तासांच्या सुमारास जवळपास संपते, म्हणून पहिला चीक तास-दोन तासांच्या आत पोटात जायला हवा. हे कारण ज्याला उमगले, त्याचा समज बदलतो. नुसता नियम ऐकवला तर तो मान डोलावतो आणि वार पडण्याचीच वाट पाहतो. धार काढल्यानंतर जनावरापुढे वैरण टाकण्याचेही तसेच आहे. सडाचे तोंड काही काळ उघडे राहते, त्या वेळात जनावर खाली बसले तर जमिनीवरील जंतू आत शिरून कासदाह (कासेची सूज) होऊ शकतो, म्हणून त्याला उभे ठेवायचे असते. वैरण टाकणारे अनेक, पण कारण जाणणारे थोडे.

अर्धवट ज्ञानाचा धोका मात्र पेंढा अधिक पौष्टिक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या युरियाच्या बाबतीत सर्वाधिक आहे. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून फवारणे आणि ढीग हवाबंद झाकून सुमारे २१ दिवस ठेवणे, ही प्रक्रिया सोपी दिसते; पण प्रमाण चुकले किंवा युरिया नीट विरघळला नाही तर विषबाधा होते, आणि सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा द्यायचाच नसतो. या विषयावर एक प्रश्न पुरणार नाही, चार घाल.

प्रश्न कोणाला विचारतोस, हेही पाहा. कागदावर नाव ज्याचे असते, त्याने कित्येक महिन्यांत सडाला हात लावलेला नसतो. धार काढणाऱ्या, चारा टाकणाऱ्या आणि माज ओळखणाऱ्या व्यक्तीशी, मग ती घरातली बाई असो वा गडी, बोलल्याशिवाय तो गोठा तपासला असे लिहू नकोस.

ज्ञान आणि अवलंब, म्हणजे माहीत असणे आणि प्रत्यक्ष करणे, यांसाठी दोन स्वतंत्र रकाने ठेव. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील संकरित मक्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शेतकऱ्यांनी बियाण्याबद्दल ऐकणे आणि ते पेरणे यांत बऱ्याच वर्षांचे अंतर आढळले. पेरले तेव्हाही अनेकांनी आधी थोड्याच जमिनीवर करून पाहिले. म्हणून ‘करत नाही’ या उत्तराशेजारी कारण लिहायला जागा सोड. मजूर नाही, पैसा नाही किंवा पटत नाही, यांतले कोणते ते कळले पाहिजे. सुधारलेला मसुदा पाच-सहा गोठ्यांवर वापरून पाहा आणि जिथे उत्तर देणारा गोंधळला त्या ओळींवर खूण करून मला पाठव.

तुझा शुभचिंतक