सकाळ नसलेलं जग

कथेतलं जग रचायला ट्रॅपिस्ट-१ ई हा खरा ग्रह निवडलात, छानच. पण राजघराणी आणि नकाशे जरा थांबू द्या, आधी आकाश बघा. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती फिरणारा हा ग्रह सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचं वर्ष जेमतेम ६.१ दिवसांचं! ताऱ्याच्या इतक्या जवळ असल्याने त्याची एकच बाजू कायम उजेडात असण्याची दाट शक्यता आहे. मग तिथली माणसं ‘उद्या’ कशावरून म्हणतील? मी तर शेजारचे ग्रह वापरेन. ते अधूनमधून आपल्या चंद्राहूनही मोठे दिसतील. एखादी आजी त्यांच्यावरूनच नातीचं वय मोजेल. वातावरणाचा निकाल अजून लागलेला नाही, तिथे तुम्ही मोकळे. कक्षा आणि वस्तुमान मात्र मोजलेलं आहे, त्याला हात लावू नका. आणि सावल्या विसरू नका: त्या हलतच नाहीत, घरामागचा तोच कोपरा पिढ्यान्‌पिढ्या गार.